सवडीनं लिहिलेलं पत्र: हातानं लिहिलेल्या पत्रांचा व्यवहार सुरू कसा करावा आणि टिकवावा कसा

हौसेनं पत्रव्यवहार सुरू करणारे पुष्कळ असतात, पण तिसऱ्या-चौथ्या पत्रानंतर तो बहुतेकांचा बंद पडतो. कारण विचारलं की 'वेळच मिळत नाही' असं उत्तर येतं. मला ते पटत नाही. एक आंतर्देशीय, म्हणजे घडी घालून चिकटवायचं टपाल खात्याचं पत्र, भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि महिन्याभरात तेवढी सवड कुणालाही काढता येते. पत्र अडतं ते संकोचापायी. आलेल्या पत्राला पंधरा दिवस उत्तर जात नाही, बघता बघता महिना उलटतो, आणि आता लिहायचं तर एवढ्या उशिराचं कारण काय द्यायचं, या विचारानं पेन हातात घेववत नाही. शेवटी ते पत्र डोळ्यांसमोर नको म्हणून कपाटात जातं. खाली जे काही सांगितलं आहे ते हा संकोच मुळातच उगवू नये यासाठी. पत्राला उशीर व्हायचाच, तो दोघांनी आधीच मान्य करून टाकावा.

कुणाला लिहायचं

एकदम दहा जणांची यादी करू नका. दोन माणसं पुरेत. ज्यांच्याशी फोनवर तब्येत आणि हवापाणी झालं की 'बाकी काय?' वर गाडी अडते, पण समोरासमोर बसलं तर गप्पा संपत नाहीत, अशी माणसं पत्राला उत्तम. शाळेतली मैत्रीण, बदली होऊन गेलेले शेजारी, गावाकडची मावशी किंवा आत्या, निवृत्त झालेले शिक्षक. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं होतं त्या माणसाला लिहायला सुरुवातीला जड जातं, म्हणून तिथून सुरुवात नको.

ज्यांना ऐकू कमी येतं अशा वडीलधाऱ्यांचा विचार मी सगळ्यांत आधी करायला सांगेन. फोनवर त्यांना निम्मं कळत नाही, आपण मोठ्यानं ओरडून चार वाक्यं बोलतो आणि दोन्हीकडे अवघडलेपण येतं. पत्रात ते सगळं निघून जातं. त्यांना लिहिताना काळी शाई, मोठं अक्षर आणि एक ओळ सोडून लिहिणं, एवढं पथ्य पाळा. माझ्या एका जुन्या सरांना फोनवर माझं नावसुद्धा दोनदा सांगावं लागतं, पण त्यांचं पत्र आलं की त्यात माझ्या मागच्या पत्रातल्या मुद्द्यांची क्रमवार उत्तरं असतात.

ओळखीचं कुणीच लिहायला तयार नसेल तर 'पोस्टक्रॉसिंग' नावाचा उपक्रम आहे. पोर्तुगालमध्ये २००५ साली तो सुरू झाला. त्यात अनोळखी माणसाला आपण एक कार्ड पाठवायचं आणि आपल्याला तिसऱ्याच कुणाचं तरी येतं. हा दीर्घ पत्रव्यवहार नव्हे, पण लिहिण्याची आणि वाट पाहण्याची सवय त्यातून लागते. घरात मुलं असतील तर टपाल खात्याची 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा त्यांना दाखवा. पत्र हातानंच लिहावं लागतं.

आधी गती ठरवा

पहिलं पत्र टाकण्यापूर्वी एक फोन करा आणि सरळ सांगा: 'मी तुला पत्र लिहिणार आहे. उत्तराची घाई नाही, दोन-तीन महिन्यांनी आलं तरी चालेल. पोहोचलं का म्हणून मी विचारणार नाही, तूही विचारू नकोस.' एवढ्या बोलण्यानं पुढचा बराचसा ताण टळतो.

महिन्याला एक, पंधरवड्याला एक असा हिशोब ठेवू नये. तो एकदा चुकला की चुकतच जातो. त्यापेक्षा वर्षातले चार-पाच मोठे थांबे धरावेत: संक्रांत, पाडवा, आषाढ, गणपती, दिवाळी. 'गणपतीच्या आसपास' म्हटलं की आधीचा पंधरवडा आणि नंतरचा पंधरवडा आपोआप हाताशी राहतो.

दोघांनी मिळून तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. पहिली, उशिराबद्दल माफी मागायची नाही. 'उत्तराला फार उशीर झाला, क्षमस्व' अशी सुरुवात झाली की अर्धं पान खुलाशात जातं आणि पुढचं पत्र लिहिणाऱ्यालाही तसाच खुलासा द्यावासा वाटतो. दुसरी, तातडीचं काही पत्रात लिहायचं नाही. लग्नाची तारीख, ऑपरेशन, कुणाचं जाणं, हे फोनवरच. एकदा का पत्रात तारखेला बांधलेली गोष्ट शिरली की ते वेळेत पोहोचेल ना, याची धाकधूक सुरू होते. तिसरी, पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली तरी हरकत नाही. तिचं यायच्या आधी माझं निघालं तर निघालं. नंबर लावून खेळायचा हा खेळ नाही.

कार्ड, आंतर्देशीय की पाकीट

आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून मिळतं. साध्या कार्डाची किंमत गेली कित्येक वर्षं ५० पैसे आहे, आंतर्देशीय अडीच रुपयांना मिळतं आणि २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपयांचं तिकीट लागतं. दर बदलू शकतात, खिडकीवर एकदा विचारून घ्यावं. लहान पोस्टात कार्डं बऱ्याचदा संपलेली असतात, तेव्हा मोठ्या पोस्टात गेलात की वीस-पंचवीस एकदम घेऊन ठेवा. घरात कार्डं असली की लिहिलं जातं.

कार्ड साधारण १४ बाय ९ सेंटिमीटरचं. मागची बाजू आणि पत्त्याच्या बाजूचा डावा भाग मिळून बारीक अक्षरात शे-सव्वाशे शब्द बसतात. ते उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचू शकतं, हे लक्षात ठेवून लिहावं. एखादी छोटीशी आठवण, खुशाली, 'तुमचं पत्र मिळालं, सवडीनं लिहिते' एवढी पोच द्यायला कार्डासारखं दुसरं काही नाही.

आंतर्देशीय माझं सगळ्यांत आवडतं. जागा ठरलेली असते, त्यामुळे किती लिहू हा प्रश्नच येत नाही. आतलं मोठं पान भरलं की घडीच्या मागच्या भागावर चार-सहा ओळी आणखी मावतात. मात्र जिथे डिंक असतो त्या कडांपासून बोटभर जागा कोरी सोडा. माणसं आंतर्देशीय घाईत फाडतात आणि कडेला लिहिलेले नेमके महत्त्वाचे शब्द चिंधीबरोबर जातात. आत फोटो, कात्रण, काहीही घालायचं नाही. ते नियमात बसत नाही.

पाकिटाचा हिशोब वजनाचा. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो. असे तीन कागद आणि साधं पाकीट म्हणजे आपण २० ग्रॅमच्या काठावर येतो. चौथा कागद घातला की जास्तीचं तिकीट लावायलाच हवं, नाहीतर भुर्दंड पत्र घेणाऱ्यावर पडतो. शंका वाटली तर खिडकीवर वजन करून घ्या. वाण्याच्या काट्यावर एवढ्या हलक्या वजनाचा नेम नसतो.

पेन, शाई, कागद

यात फार पैसे घालू नका. महागडा लेटरपॅड आणला की त्यावर लिहायला मन धजत नाही आणि तो तसाच राहतो. कार्डाच्या कागदावर फाउंटन पेनची शाई फुटते, त्यामुळे तिथे बॉलपेन. आंतर्देशीयचा कागद पातळ असतो, तिथेही बॉलपेन किंवा बारीक टोकाचं जेल पेन. शाईच्या पेनाची हौस पाकिटातल्या पत्रावर भागवावी. दुकानात बाँड पेपर किंवा लेजर पेपर मागा. विकत घेण्यापूर्वी एका कागदावर दोन ओळी लिहून मागून बघा. अक्षर पलीकडे उमटत नसेल आणि कडा पिसारत नसतील तर कागद चांगला. शाई साधी कॅम्लिनची रॉयल ब्लू घेतली तरी उत्तम. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत हा उद्योग सुरू केला तोच मुळी शाईनं, 'हॉर्स ब्रँड' या नावानं.

कोऱ्या कागदावर ओळी तिरक्या जात असतील तर एका कागदावर काळ्या स्केचपेननं ठळक रेघा मारा आणि तो खाली ठेवून लिहा. रेघा वरून पुरेशा दिसतात.

'माझं अक्षर वाईट आहे' ही सबब मी ऐकून घेत नाही. अक्षर सुंदर नसलं तरी चालतं, ते लागलं पाहिजे. वेगात लिहिताना आपण वरच्या रेघा गाळतो आणि तिथेच घोटाळा होतो: रेघ नसली तर भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक करणं कठीण जातं. सगळ्या शब्दांवर नाही, तरी या अक्षरांवर रेघ जरूर द्या. नावं आणि गावं सावकाश लिहा. बाकीचं वाचणारा संदर्भानं लावून घेतो.

लिहायचं कसं

पत्र एका बैठकीत पूर्ण करायचा अट्टहास सोडा. आठवडा-दोन आठवडे कागद उघडा ठेवा आणि तीन-चार बैठकांत लिहा. प्रत्येक वेळी समासात वार आणि वेळ टाका: 'मंगळवार, रात्री', 'शनिवार, दुपारी, वीज गेली आहे'. वाचणाऱ्याला तुमचा आठवडा त्यातूनच दिसतो आणि तुम्हाला धागा जुळवत बसावं लागत नाही.

पहिल्या बैठकीत आलेलं पत्र समोर घ्या. त्यात जे विचारलं आहे, जिथे काही बोलावंसं वाटतं, तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि फक्त तेवढ्याचीच उत्तरं लिहा. पत्र लिहिणाऱ्याला याहून मोठा आनंद नसतो: आपण तीन महिन्यांपूर्वी सहज लिहिलेलं एक वाक्य कुणीतरी लक्षात ठेवून त्यावर बोलतं आहे.

दुसऱ्या बैठकीत एकच गोष्ट, पण जवळून. 'इकडे पाऊस भरपूर आहे' हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं. त्याऐवजी असं लिहा: 'परवा दुपारी गच्चीची पन्हाळ पाल्यानं तुंबली आणि पाणी भिंतीवरून थेट आत आलं. पुस्तकांचा खालचा कप्पा रिकामा केला. तू दिलेला शब्दकोश तेवढा भिजला. पंख्याखाली उघडून ठेवलाय, पानं फुगून तो आता दुप्पट जाड झालाय.' चार वाक्यांत पाऊस, घर, तिची भेटवस्तू, सगळं आलं.

काय लिहावं याची माझी एकच कसोटी आहे: वाचलं जाईल तोवर शिळं होईल का? क्रिकेटचा निकाल, निवडणुकीचे आकडे, उद्याचा हवामानाचा अंदाज, हे सगळं पोहोचेपर्यंत शिळं होतं. आईची मेतकुटाची कृती, वाटी-चमच्यांच्या प्रमाणासकट, शिळी होत नाही. जुन्या घराचं वर्णन, सध्या वाचत असलेल्या पुस्तकाबद्दलचं तुमचं मत, तुमच्या गल्लीत नव्यानं सुरू झालेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज, कामावरच्या एखाद्या माणसाची बोलण्याची लकब, हेही टिकतं. प्रश्नांचंही तसंच. 'तब्येत कशी आहे?' याचं उत्तर दोन महिन्यांनी येऊन उपयोग नाही. 'आजोळच्या घरात माळ्यावर चढायची शिडी कुठल्या बाजूला होती गं?' हा प्रश्न केव्हाही उत्तर द्यावा असा. प्रत्येक पत्रात असे एक-दोन प्रश्न असू द्या. मला देवरुखहून याच प्रश्नाच्या उत्तरात आख्ख्या घराचा नकाशा आला होता, बॉलपेननं काढलेला, विहिरीपासून गोठ्यापर्यंत. मावशीनं तोवर आयुष्यात कधी चित्र काढलेलं मी पाहिलं नव्हतं.

सुचलेले विषय कुठेतरी टिपून ठेवा. स्वयंपाकघरात वाणसामानाची यादी असते, तिच्या मागे लिहिलं तरी चालतं. पत्राला बसल्यावर 'काय लिहू' असा प्रश्न पडणार नाही.

कच्चं लिहून मग फेअर करू नका. फेअर करताना वाक्यं आवरली जातात आणि त्यातला बोलण्याचा सूर जातो. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जा. गिरवून काळा ठिपका करू नका, वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं. रागाच्या किंवा फार दुःखाच्या भरात लिहिलेलं पान मात्र रात्रभर राहू द्यावं आणि सकाळी वाचून मगच पाकिटात घालावं.

मायना आणि शेवट

उजवीकडे वर गाव आणि तारीख, वर्षासकट. वर्ष लिहायचा कंटाळा करू नका. वीस वर्षांनी '१२ ऑगस्ट' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

जुने मायने वडीलधाऱ्यांसाठी जपावेत असं माझं मत आहे. आईवडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', पुढे 'सा. न. वि. वि.' (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), धाकट्यांना 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद', बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार विनंती विशेष). ऐंशीच्या घरातला माणूस सगळ्यांत आधी हेच वाचतो आणि त्याला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. मैत्रिणीला मात्र 'अगं' म्हणून सुरुवात केली तरी शोभतं. एक जुनी रीत मी मुद्दाम सोडली आहे: नवरा वारलेल्या बाईच्या नावामागे 'गं. भा.' लावणं. पाकिटावर ते लिहून टपालवाल्यापासून सगळ्यांना सांगायची काही गरज नाही. 'श्रीमती' पुरतं.

शेवटी 'कळावे, लोभ असावा' आणि सही. राहिलेलं 'ता. क.' मध्ये. ता. क. हा पत्रातला सगळ्यांत मोकळा कोपरा आहे, तो वापरा.

पत्ता, तिकीट, पेटी

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो (महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात), पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, जसे पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०, गोव्याचे ४०३, आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तर पत्र शेजारच्या पोस्टात जातं, पहिला चुकला तर दुसऱ्या राज्यात.

महाराष्ट्रात मराठीतला पत्ता बिनघोर चालतो. बेळगाव, बंगळुरू, बडोदा, इंदूर अशा ठिकाणी पाठवताना गाव, राज्य आणि पिन इंग्रजीतही लिहावा. परदेशी पूर्ण पत्ता रोमन लिपीत आणि देशाचं नाव शेवटी ठळक. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे लिहिलाच पाहिजे, नाहीतर न पोहोचलेलं पत्र परत येणार कुठे?

पावसाळ्यात रॉयल ब्लू शाईनं पत्ता लिहू नका, एका थेंबात तो वाहून जातो. बॉलपेननं लिहा आणि वर मेणबत्तीचा तुकडा हलक्या हातानं घासा. मेणाचा पातळ थर बसतो आणि पाणी वरून ओघळून जातं.

पाकिटात नोटा घालू नयेत. सपाट, हलकं असेल ते घाला: वर्तमानपत्राचं कात्रण, मुलांनी काढलेलं चित्र, पुस्तकात दाबलेली बकुळीची फुलं. बकुळ सुकली तरी वास धरून ठेवते. घरातल्या जुन्या फोटोची मूळ प्रत मात्र कधीही साध्या टपालानं पाठवू नका, दुसरी प्रत काढून पाठवा. साध्या पत्राचा माग काढता येत नाही आणि एखादं हरवतंही.

पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली असते, ती बघून टाका. ज्या पेटीची पाटी पुसली आहे आणि फटीत जळमटं आहेत, तिच्या नादी न लागता सरळ पोस्टात जा. आणि असं पत्र स्पीड पोस्टनं पाठवू नका. एकदा का पाकीट कुठे पोहोचलं हे मोबाइलवर दिसायला लागलं की आपण दिवसातून चारदा तेच बघत बसतो.

पाठवल्यावर आणि आल्यावर

एक पातळ वही ठेवा. तारीख, कुणाला, आणि काय लिहिलं ते एका ओळीत: 'शब्दकोश भिजला, शिडीचा प्रश्न.' दोन महिन्यांनी तीच हकिगत पुन्हा लिहिली जात नाही.

पत्र आलं की पट्टीनं किंवा सुरीनं कड उघडा आणि मागे बारीक अक्षरात मिळाल्याची तारीख टाका. पेशवाईतल्या पत्रांवर 'पै.' अशी पैवस्तीची, म्हणजे पत्र हाती पडल्याची नोंद सापडते. तीच रीत. उत्तर गेलं की त्याखाली 'उ.' आणि तारीख. मग कुठलं पत्र उत्तराविना आहे हे आठवावं लागत नाही.

आता सगळ्यांत उपयोगी गोष्ट. पत्र वाचून झाल्यावर त्याच दिवशी कोरा कागद घ्या, तारीख आणि मायना घाला, आणि वाचताना जे पहिलं मनात आलं ते एक-दोन वाक्यांत लिहा: 'नकाशातली विहीर बघून हसले. तिच्या काठावरून मी पडले होते ते तुला आठवतंय तर!' मग कागद आलेल्या पत्राच्या घडीत सरकवून ठेवून द्या. महिन्यानं उघडाल तेव्हा उत्तर सुरू झालेलं असेल. आपल्याला फक्त पुढे लिहायचं असतं, आणि ते अवघड जात नाही.

जपून ठेवायची पत्रं लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. रबर काही वर्षांत वितळून कागदाला चिकटतं, टाचणी गंजते, कोकणात तर एका पावसाळ्यात. सुती नाडीनं गठ्ठा बांधा, पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा, आणि पोथ्यांना ठेवतात तसा वेखंडाचा एक तुकडा शेजारी ठेवा. पावसाळा सरला की एकदा सावलीत वारा द्यावा.

मध्येच थांबलं तर

थांबतं. कुणाचं घर बदलतं, कुणाचं आजारपण निघतं, कुणाचं मन लागत नाही. अशा वेळी लांबलचक पत्र पाठवू नये, त्याच्या उत्तराचं ओझं आणखी वाढतं. एक पोस्टकार्ड घ्या. का लिहिलं नाहीस हे विचारू नका, मागच्या पत्राचा उल्लेखही नको. तीन-चार ओळींत तुमच्याकडची एखादी ताजी गोष्ट लिहा, 'उत्तर नको, सहज लिहिलं' असं खाली टाका आणि पेटीत सोडा. बऱ्याचदा त्या कार्डाला उत्तर येतं. नाही आलं तर मध्ये फोन करून आठवण करून देऊ नका. पुढच्या दिवाळीला आणखी एक कार्ड पाठवा.